खेपेची पहिली गोळी

"आत तार घाला बाई, आणि डोळे मिटा."

मी डोळे मिटले.

"आता टोक बुडाशी टेकवा आणि भिंतीला लावून हळूच वर ओढा. काय लागतंय?"

"काहीच नाही. गुळगुळीत आहे."

"मग ती चांगली. आता ही घ्या."

काडतुसाच्या दुसऱ्या रिकाम्या पुंगळीत तार वर ओढताना बुडापासून थोडं वर टोक अडखळलं. अंधारात चालताना पायाला उंबरठा लागावा तसं. मी परत खाली नेऊन ओढलं. परत तिथंच.

"अडकतंय."

"कितपत?"

"नख अडकावं इतपत."

"हां," सुभेदार इंगवले समाधानानं म्हणाले. "ही मरायला टेकलेली पुंगळी. बाहेरनं बघाल तर नव्या नवरीसारखी चकचकीत, आणि आतनं..."

"आतनं सुभेदार," स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, काकींचा, आवाज आला.

मी डोळे उघडले तेव्हा इंगवलेकाका मिशीतल्या मिशीत हसत होते. पुंगळी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि भंगाराच्या पाटीत टाकली. खण्ण.

मिरजेच्या पलीकडे एका जुन्या संस्थानाच्या गावी मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. नोकरी नवी, गाव नवं, ओळखी नव्हत्या. गावाबाहेरच्या माळावर संस्थानाच्या वेळची चांदमारीची जागा होती आणि तिथं रायफल क्लब चालायचा. कॉलेजच्या मुलींना तिथं सरावाला नेताना सोबत बाईमाणूस हवं म्हणून प्राचार्यांनी मला पाठवलं. मुली दोन महिन्यांत कंटाळल्या. मी जात राहिले. नेमबाज म्हणून मी बेताची होते. माझा जीव रमला तो काकांच्या ओसरीवर, पितळेच्या राशीत.

इंगवलेकाका पलटणीत हत्यारांची देखभाल करायचे. निवृत्तीनंतर क्लबनं त्यांना माळाच्या कडेचं दोन खोल्यांचं घर दिलं आणि रायफली त्यांच्या ताब्यात दिल्या. मोठ्या रायफलीची काडतुसं त्या काळी दुर्मिळ होती. नव्या पुंगळ्या परदेशातून यायच्या, आणि परवाना हातात पडेपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा. म्हणून झाडून झालेल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, पुसायच्या, तपासायच्या आणि त्यातल्या धडक्या असतील त्यांत बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून पुन्हा वापरायच्या. क्लबकडे त्याची रीतसर परवानगी होती आणि काकांकडे हात होता.

पुंगळी प्रत्येक वेळी झाडताना फुगते आणि ताणली जाते. मानेशी पितळ कडक होत जातं आणि मग केसासारखी चीर पडते. ती भिंगातून दिसते. बुडातलं टोपीचं घर सैल होतं, ते टोपी बसवताना कळतं. पण सगळ्यात वाईट दुखणं आत असतं. बुडाच्या जरा वर भिंत आतून बारीक होत जाते. बाहेरून कधी एक फिकट चकाकती कडी दिसते, कधी तीही दिसत नाही. अशी पुंगळी झाडली तर त्या कडीशी तुटू शकते, आणि पुढे जायचा तापलेला वायू मागे येतो. मागे रायफलीला गाल लावून माणूस पडलेला असतो.

हे मी काकांना शास्त्राच्या भाषेत समजावून सांगितलं होतं, म्हणजे पितळेतले कण, त्यांची रचना, ताण वगैरे. त्यांनी मन लावून ऐकून घेतलं.

"म्हणजे पितळ दमतं," ते म्हणाले.

"हो. पुस्तकातही असंच म्हणतात."

"मग पुस्तक लिहिणारा शहाणा असणार."

आतली झीज बघायला डोळा चालत नाही, म्हणून ती तार. सायकलच्या चाकाची तार घेऊन काकांनी तिचं टोक काटकोनात वाकवलं होतं आणि कानशीनं अणकुचीदार केलं होतं. ती बोटांत सैल धरायची आणि तिनं काय सांगितलं ते ऐकायचं.

"माझी भाषणं ऐकायला ह्यांना येळ न्हाई," काकी म्हणायच्या, "तारेची ऐकतात." काकींचं नाव गोदावरी. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला लागल्या की हातातलं काम थांबायचं नाही आणि तोंडही थांबायचं नाही. "घरातला तांब्या बघ पोरी, काळा ठिक्कर पडलाय. आणि ह्यांची पितळं बघ. देव्हाऱ्यात मांडावीत अशी."

"तांब्या फुटून कुणाच्या तोंडावर येत नाही," काका म्हणायचे.

"एक दिवस येईल. मीच मारणार आहे."

क्लबात एक रिवाज होता. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडलेलाही मी कधी पाहिला नाही. भरलेल्या काडतुसांच्या प्रत्येक खेपेची पहिली गोळी, ज्यानं पुंगळ्या तपासल्या त्यानं झाडायची. बाकी सगळ्यांनी आडभिंतीमागे उभं राहायचं. त्यानं उठून हात झटकले की मग इतरांनी पुढं व्हायचं. काकांनीच तो रिवाज पाडला होता, आणि तपासणारे तेच असल्यामुळे पहिली गोळीही कायम त्यांचीच. क्लबचे सेक्रेटरी डॉक्टर मुळीक दातांचे डॉक्टर होते. ते म्हणायचे, "काका, मी असा नियम माझ्या दवाखान्यात लावला तर माझे स्वतःचेच सगळे दात जातील."

त्या वर्षी हिवाळ्यात शेजारच्या जिल्ह्यातला संघ आमच्याकडे सामन्याला येणार होता. रविवारी सामना. त्यासाठी एक मोठी खेप भरायची होती, आणि आमच्याकडे जेवढ्या म्हणून पुंगळ्या होत्या तेवढ्या सगळ्या त्यात लागणार होत्या. काकांनी आठवडाभर बसून त्या तपासल्या. शनिवारी सकाळी मी गेले तेव्हा पास झालेल्या पुंगळ्या लाकडी फळ्यांच्या भोकांत रांगेनं उभ्या होत्या. काका अंगणात रायफलींना तेल देत होते.

"टोप्या बसवायला घ्या बाई," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत भरून झालं पाहिजे."

मी बसले. टोपी बसवायच्या आधी मी सहज, हाताच्या सवयीनं, पुंगळीत तार फिरवली. गुळगुळीत. दुसरी, तिसरी, तशीच. मग एक अडखळली.

मला वाटलं माझाच हात चुकला. परत ओढली. परत अडखळली. ती बाजूला ठेवून मी पुढच्या घेतल्या. थोड्या वेळानं आणखी एक निघाली, मग लगेच तिसरी. मी तार बदलून पाहिली. काकांची जुनी तार घेतली. तीही त्याच ठिकाणी अडकत होती.

काकांनी एखादी पुंगळी चुकून पास करणं मला समजू शकलं असतं. पण इतक्या?

"काका, जरा बघता का?"

ते तेलकट हात फडक्याला पुसत आले, खाली बसले. मी पुंगळी आणि तार दिली. त्यांनी डोळे मिटले. तार वर आली. परत खाली नेली, परत वर.

"काही नाही," ते म्हणाले.

"मला अडकल्यासारखी वाटली."

"काजळी असेल आतनं. बसवा टोपी."

"दुसरी बघा ना."

त्यांनी तीही बघितली. "काही नाही, बाई." या वेळी आवाज जरा चढा होता.

मी टोपी उचलली. पण टोपी बसवेना. प्रयोगशाळेत माझ्या मुलांना मी एकच गोष्ट घोकून घोकून सांगायचे, की शंका आली तर वाद घालू नका, मोजा.

"काका, एक कापून बघू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुंगळी कापणं म्हणजे ती वाया घालवणं, आणि त्यांनी पास केलेली पुंगळी कापणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"कापा," ते म्हणाले.

शेगड्याच्या पकडीत आवळून करवतीनं मी ती उभी चिरली. कानशीनं कड साफ केली, पाण्यात बुडवून पुसली आणि उन्हात नेली. एरवी भिंत बुडाशी जाड असते आणि वर हळूहळू पातळ होत जाते. इथं मात्र एका ठिकाणी आतून चर पडला होता, आणि त्या जागी पितळ कागदासारखं उरलं होतं.

काकांनी चष्मा लावला. ते दोन तुकडे हातात घेऊन ते बराच वेळ पाहत राहिले.

"ही एक निघाली खराब," शेवटी ते म्हणाले. "हजारात एखादी निघते. बाकीच्या मी बघितल्यात."

"काका, मला आणखी काही..."

"उद्या पहिली गोळी मी झाडतोच आहे की. मग तर झालं?"

"पण काका, पहिली गोळी पहिल्या पुंगळीबद्दल सांगते. दुसरीबद्दल काय सांगणार? आणि पहिलीच जर..."

"बाई," ते म्हणाले. कधी नव्हे तो पलटणीतला आवाज होता. "तुम्ही शिकत होता तेव्हापासनं मी हे करतोय."

ते उठून अंगणात गेले आणि आधीच तेल दिलेल्या रायफलीला परत तेल द्यायला लागले.

मी स्वयंपाकघरात गेले. काकी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या घरात ऐकू न येण्यासारखी जागाच नव्हती.

"रागावले?" मी विचारलं.

"रागावले न्हाईत, घाबरले." काकींनी भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. मग आवाज खाली आणला. "परवा चुलीवरनं पातेलं उचललं. नुसत्या हातानं. मी ओरडले तर म्हणतात, काय झालं? तळहात पोळलेला आणि ह्यांना पत्ता न्हाई. मी लोणी लावायला गेले तर म्हणतात, कशाला लावतीयास?"

"साखर?"

"ती तर हायेच किती वर्षं. पण हे बोटांचं गेल्या दिवाळीपासनं. सदऱ्याची बटणं मी लावते. म्हणतात, चष्म्यानं जवळचं दिसत न्हाई." त्यांनी भाकरी उलटली. "ह्यांना वाटतंय मला कळलं न्हाई. म्हटलं, असू दे."

मला एकदम त्या मिटलेल्या डोळ्यांचा, तार ओढताना एकाग्र झालेल्या त्या चेहऱ्याचा अर्थ कळला. ते तारेचं ऐकत होते आणि तार काहीच बोलत नव्हती. कुठल्याच पुंगळीत बोलत नव्हती. म्हणून सगळ्या चांगल्या.

"काकी, मग उद्या ते..."

"पोरी, तू हे त्यांना बोलायचं न्हाईस," काकी म्हणाल्या. "माझी शपथ हाय तुला. मी सांगितलं म्हणून कळलं तर ते मला माफ करतील, पण स्वतःला करणार न्हाईत. आणि उद्या त्या रायफलीमागं त्यांना झोपू पण द्यायचं न्हाई." त्यांनी तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टाकली, ती टम्म फुगली. "कसं करायचं ते तू बघ. तू शिकलेली हाईस."

शिकलेलं काही उपयोगाला येईना. मी ओसरीवर येऊन बसले. समोर पितळेच्या रांगा उन्हात झळकत होत्या. डॉक्टर मुळीकांना सांगता आलं असतं. त्यांनी खेप थांबवली असती, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की सुभेदाराची तपासणी गेली. पुंगळ्या पळवून विहिरीत टाकाव्यात असंही एकदा मनात येऊन गेलं.

मग मी एक फळी पुढं ओढली आणि तपासायला सुरुवात केली. चोरून नाही, उघड. एकेक पुंगळी उचलायची, तार फिरवायची आणि परत जिथली तिथं ठेवायची. वेगळं काही काढलं नाही. काका अंगणातून बघत होते. दोन फळ्या झाल्या तेव्हा ते आले.

"काय चाललंय?"

"तपासतेय."

"मी तपासलेल्याच?"

"हो. म्हणजे आता मीही तपासल्या." मी तार खाली ठेवली. "रिवाजाप्रमाणे उद्या पहिली गोळी मी झाडणार."

"ह्याच खेपेतली?"

"ह्याच. तुम्ही पास केल्यात ना?"

"केल्यात."

"मग झालं तर. मी डॉक्टरांना निरोप देते."

मी चपला घालायला लागले. ते हो म्हणाले असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

"थांबा," काका म्हणाले.

मी थांबले.

"तुम्ही नाही झाडायची."

"का?"

"नाही म्हटलं ना."

"पण का, काका? खेप चांगली आहे म्हणता, मग माझ्या हातून झाडली तर काय होणार आहे?"

"तुमचं वय काय, तुम्हाला काही..." ते अडखळले. "उद्या तोंडाला काही झालं तर तुमच्या आईला मी काय सांगू?"

"आणि तुमच्या तोंडाला झालं तर?"

"माझं तोंड वापरून झालंय."

आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. काका चमकले. मग ओसरीच्या कडेला टेकले, पाय अंगणात सोडून, माझ्याकडे पाठ करून. माळावर कुणाचं तरी मेंढरांचं खांड चाललं होतं, त्यांच्या खुरांची धूळ दिसत होती.

"बोटं काही सांगत नाहीत, पोरी," ते म्हणाले. मला त्यांनी पोरी म्हटल्याचं ते पहिल्यांदा. "तार आहे की नाही तेच कळत नाही. मिटल्या डोळ्यांनी धरली तर हातात काही आहे असंच वाटत नाही."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"आधी वाटलं थंडीनं असेल. मग वाटलं, जाईल. ह्या खेपेला बसलो तेव्हा पहिल्या दिवशीच कळलं की आपण नुसतं नाटक करतोय. पण सामना ठरला होता. आणि हे सोडलं तर मी इथं कोण? रायफली पुसणारा गडी." ते स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते. "मग म्हटलं, बोटं नाहीत तर तोंड तर आहे. पहिली गोळी मीच झाडणार. खेप खोटी असली तर ती मला सांगेल. दुसऱ्या कुणाला सांगायच्या आधी."

"ती एकच पुंगळी सांगेल, काका."

"आता कळलं ते. तुम्ही बोललात तेव्हाच कळलं." त्यांनी मान हलवली. "तुम्ही पहिली गोळी मागितलीत ना, तेव्हा मला त्या सगळ्या पुंगळ्या एकदम दिसल्या. माझ्यासाठी कधी दिसल्या नव्हत्या बघा."

थोड्या वेळानं काकी बाहेर आल्या, दोघांच्या मधे भाकरी-पिठल्याची ताटं ठेवली आणि म्हणाल्या, "जेवा. पितळं काय पळून जात न्हाईत."

जेवून आम्ही तिघंही बसलो. काका भिंगातून माना आणि बाहेरच्या कड्या बघत होते, कारण नजर त्यांची अजून घारीची होती. मी तार फिरवत होते. काकी पुसत होत्या आणि बडबडत होत्या. "इतकी वर्षं हात लावू दिला न्हाई. म्हणे तुझ्या हाताला तेल असतं. आता चालतंय व्हय माझं तेल?" भंगाराच्या पाटीत खण्ण खण्ण आवाज होत राहिला. पहिल्या काही आवाजांना काका दचकत होते. मग त्यांनीच मोठ्यानं विचारायला सुरुवात केली, "मेली का ती पण?" आणि मी "मेली" म्हटलं की "पुढं" म्हणायचे.

दिवस कलला तेव्हा चांगल्या पुंगळ्या एका फळीत मावल्या. पाटी भरून वाहत होती.

काका उठले, टोपी घातली आणि सायकल काढली.

"कुठं निघालात?" मी विचारलं. "मी जाते डॉक्टरांकडे."

"नाही. हे माझं आहे."

डॉक्टर मुळीकांनी मला नंतर सांगितलं, काका दवाखान्यात आले, खुर्चीत बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "डॉक्टर, पुंगळ्या कमी निघाल्या. उद्या पूर्ण संघ उतरवता येणार नाही, दोघंच उतरवा. आणि इथून पुढं तपासणी बाई करतील. माझे हात गेले." डॉक्टर म्हणाले, मी त्यांना कॉफी विचारली तर म्हणाले, बिनसाखरेची देणार असाल तर घेतो, आता लपवायचं काही राहिलं नाही.

त्या एका फळीतली काडतुसं रात्री भरून झाली. रविवारी सकाळी माळावर गर्दी होती. पाहुण्यांचा संघ आला होता. ताडपत्री अंथरली होती. डॉक्टरांनी सगळ्यांना आडभिंतीमागे घेतलं आणि पाहुण्यांना रिवाज समजावून सांगितला. तपासणारी म्हणून माझं नाव घेतलं तेव्हा पाहुण्यांतला एक गृहस्थ "या बाई?" असं म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "या बाई. तुमच्याकडे कोण झाडतं?"

मी ताडपत्रीवर पडले. काडतूस आत सरकवलं, बोल्ट बंद केला. रायफलीचं लाकूड गालाला गार लागलं. एकदा मागे वळून पाहिलं. आडभिंतीवरून डोकी दिसत होती. डॉक्टर, पाहुणे, क्लबची माणसं. काका नव्हते.

वाटलं, काल बोलले ते सगळं खरं, पण माझ्या हातून ही गोळी झडताना बघणं त्यांना सोसलं नसेल. मी त्यांची जागा घेतली होती. कितीही प्रेमानं घेतली तरी घेतलीच होती.

मी समोर पाहिलं, श्वास सोडला, आणि खटका दाबला.

खांद्याला धक्का बसला. कानात घुमलं. माळावरचे साळुंख्यांचे थवे उडाले. बस्स. मी पुंगळी बाहेर काढली, ती गरम होती. ती उलटसुलट करून पाहिली, मान, बुड, बाहेरची कड. मग तार खिशातून काढून आत फिरवली. गुळगुळीत. उन्हात धरून पुन्हा एकदा पाहिली. मनातून मला फार आनंद झाला होता आणि तो मी असा पितळेकडे बघून साजरा करत होते. मग उठून हात झटकले. भिंतीमागून टाळ्या वाजल्या, डॉक्टर पुढं आले, पाहुण्यांनी पुंगळी हातात घेऊन पाहिली. त्या गृहस्थानं तार मागून घेतली. त्याला ती कशी धरायची ते मी दाखवलं.

मग मी घराकडे गेले.

दार उघडं होतं. स्वयंपाकघरात काकी चुलीपुढं बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, पाटावर, इंगवलेकाका. काकींनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला दारात पाहिलं आणि ते ताडकन उभे राहिले.

"आवाज होऊन किती वेळ झाला!" ते ओरडले. अक्षरशः ओरडले. "काय करत होता तुम्ही तिथं?"

मी गोंधळले. "पुंगळी बघत होते, काका."

काकी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच. घरी आल्यावर मी विचारलं की हेच सांगायचे. पुंगळी बघत होतो."

काका त्यांच्याकडे बघत राहिले.

"मीच म्हटलं आज ह्यांना, भिंतीमागं उभं ऱ्हायाचं न्हाई, हितं माझ्याजवळ बसा," काकी मला म्हणाल्या. "दर खेपेला मी बसते तसं. आवाज काय पोरी, वाईट झालं तरी होतोच. आवाजानं काय कळतंय? मी आवाजानंतर पावलं ऐकत बसायची. आणि ह्यांची पावलं यायचीच न्हाईत. चूल विझून जायची."

"गोदा, तू कधी बोलली नाहीस," काका म्हणाले.

"विचारलंत कधी?"

ते परत पाटावर बसले. मग काकांनी आपला हात आपणच पुढं केला आणि काकींच्या हातात दिला. त्यांना तो स्पर्श कळत होता की नाही, मला माहीत नाही. काकींनी तो धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं चुलीत लाकूड सारलं.

त्या क्लबात मी पुढे सात-आठ वर्षं खेपा तपासल्या. दर खेपेची पहिली गोळी झाडल्यावर मी पुंगळीला हात लावायच्या आधी उठून उभी राहायचे आणि घराकडे तोंड करून हात हलवायचे. दाराशी दोन माणसं उभी असायची. त्यातलं एक हात हलवून उत्तर द्यायचं, आणि मग मी पुंगळी बघायला खाली वाकायचे.